मगरीची राखण

मगरी बघायला म्हणून गेलो आणि अर्धा दिवस मान वर करून उभे राहिलो. दोन दिवस मान अवघडलेली होती. तेल चोळता चोळता लेकीने विचारलं, "आई, नक्की काय बघत होतीस गं एवढं?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही.

फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलला, लेकीकडे जाऊन तीन आठवडे झाले होते. अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आयांचं ठरलेलंच असतं. पहिला आठवडा अवेळी झोपण्यात जातो, दुसरा तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या नीट लावण्यात. तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना अपराधी वाटायला लागतं, की हिला अजून काही दाखवलंच नाही. जावई म्हणाले, "आई, समुद्र बघायचा की मगरी?" नऊ वर्षांच्या नातीने माझ्या वतीने सांगून टाकलं, "दोन्ही." म्हणून एप्रिलअखेरच्या एका शनिवारी आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या सेंट ऑगस्टीनला गेलो. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं हे गाव. त्या देशाच्या मानाने फारच म्हातारं, आणि आपल्या म्हातारपणाचं त्याला भारी कौतुक. आमच्या कृष्णाकाठच्या एखाद्या देवळातला पुजारी हे ऐकून गालातल्या गालात हसला असता. गावापुढच्या खाडीचं नाव मातांझास, म्हणजे कत्तल. गाव वसलं त्याच वर्षी स्पॅनिशांनी फ्रेंचांची जी कापाकापी केली, तिची ही आठवण. दोन संगमरवरी सिंह बसवलेला पूल ओलांडला की अनास्तासिया बेट लागतं, आणि बेटावर रस्त्याच्या कडेलाच 'अ‍ॅलिगेटर फार्म'.

मराठीत अ‍ॅलिगेटर नाही. आपल्याकडे मगर, सुसर, कोंकणीत माणगें. स्पॅनिश लोक फ्लोरिडात उतरले तेव्हा त्यांच्याकडेही या जनावराला शब्द नव्हता. ते त्याला 'एल लागार्तो' म्हणाले. म्हणजे काय, तर ती पाल. इंग्रजांनी ते ऐकलं आणि त्याचं अ‍ॅलिगेटर झालं. नातीला हे सांगितल्यावर तिने दिवसभर प्रत्येक धुडाला "हाय, पाल" म्हणायचा सपाटा लावला.

फार्मची सुरुवात गमतीची आहे. १८९३ च्या सुमाराला समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्या एका छोट्या रेल्वेचे चालक, जॉर्ज रेडिंग्टन आणि फेलिक्स फायर, यांनी उतारूंचं मन रमवायला थोड्या मगरी धरून ठेवल्या. लोक यायचे समुद्रासाठी आणि रेंगाळायचे मगरींपुढे. समुद्र फुकट होता, मगरींना तिकीट लावता येत होतं. पाचच वर्षं आधी हेन्री फ्लॅगलर या तेलसम्राटाने गावात राजवाड्यासारखं हॉटेल उघडलं होतं आणि हिवाळा आला की उत्तरेकडचे धनिक सहकुटुंब तिथे उतरू लागले होते. त्या काळातल्या बायकांचे फोटो मी पाहिले आहेत. टोपीवर बगळ्याची पांढरी झिरमिळी पिसं, हातात मगरीच्या कातड्याची पर्स. एकाच बाईच्या अंगावर, वर बगळा आणि खाली मगर.

ही पिसं बगळ्याला फक्त विणीच्या हंगामात येतात. म्हणून शिकारी घरट्यांवरच जायचे. आईबाप मारायचे, पिसं उपटायची, आणि पिल्लं तशीच सोडून द्यायची. ती उपाशी मरायची. वजनाला सोन्याच्या भावाने हा माल जाई. १९०५ मध्ये एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पक्ष्यांचा रखवालदार म्हणून नेमलेल्या गाय ब्रॅडलीला पिसांच्या शिकाऱ्याने गोळी घातली. मगरींचं रडगाणं त्याहून लांबलं. १९६७ मध्ये त्यांना नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांत घातलं, कडक बंदी आली, आणि १९८७ मध्ये त्या यादीतून बाहेर काढलं. आज एकट्या फ्लोरिडात तेरा लाखांच्या आसपास आहेत. या राज्यात शिक्षक मिळत नाहीत म्हणून लेक तक्रार करत असते. मगरींची टंचाई नाही.

तर आत शिरलो. पहिल्याच तळ्यात शंभरेक तरी असतील, एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या. सिमेंटच्या काठावर निम्म्या, पाण्यात निम्म्या. एकीचा पाय दुसरीच्या डोक्यावर, आणि दुसरीला त्याचं काहीच नाही. एसटी स्टँडवर रात्रीची गाडी चुकलेली माणसं पहाटे जशी पसरलेली असतात, तसं ते दृश्य. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणी हललं नाही. शेजारच्या एका मुलाने बापाला विचारलं, या खऱ्या आहेत का? बापानेही जरा थांबूनच उत्तर दिलं.

मला मात्र ते न हलणं ओळखीचं होतं.

माझं माहेर भिलवडीचं. गावाला कृष्णेचा ऐसपैस घाट, पलीकडे औदुंबरचं दत्ताचं ठिकाण. पाठीला वाळका भोपळा बांधून आम्ही पोरंसोरं त्या पाण्यात पोहायला शिकलो. घाटाच्या खालच्या अंगाला, वळणावर, एक डोह होता. तिकडे जायचं नाही. का? तर आजी सांगायची, "डोहात सुसर हाय. गुमान वढून न्हेती, हाडूक बी घावत न्हाई." मी ती सुसर कधी पाहिली नाही. आमच्यातल्या कुणीच नाही. नावाडी मात्र बघितल्याच्या शपथा घ्यायचा, आणि आम्ही लांबून त्या काळ्या पाण्याकडे बघत बसायचो, एखादं लाकूड तरंगत आलं तरी किंचाळायचो. खूप वर्षांनी, आजी गेल्यानंतर, आई बोलता बोलता म्हणाली की डोहात भोवरा होता. आजीचा धाकटा भाऊ त्यात गेला होता. भोवरा आहे म्हणून सांगितलं असतं तर पोरं मुद्दाम बघायला गेली असती. भोवऱ्याला कोण भितं? सुसरीला सगळे भ्यायचे. त्या कधी न दिसलेल्या सुसरीने आमच्या पिढीतली किती पोरं बुडण्यापासून वाचवली, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता तिथे खऱ्याखुऱ्या मगरी आहेत. औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात दरवर्षी बातम्या येतात, आणि काही घरांत माणूस गेलेलं आहे. त्यांच्यापुढे माझी ही आठवण मी उच्चारणार नाही. घाटावर पाटी आहे, पाण्यात उतरू नये. धाकटा भाऊ पहाटे मोटर चालू करायला नदीवर जातो तेव्हा आधी बॅटरीचा झोत पाण्यावरून फिरवतो. दोन लाल ठिपके चमकले तर तिथूनच परत. लहानपणी जी गोष्ट होती ती म्हातारपणी बातमी झाली.

फार्मात मगरवर्गातल्या सगळ्या जाती एकत्र आणल्या आहेत, असं ते अभिमानाने सांगतात. आफ्रिकेच्या, क्यूबाच्या, चीनमधल्या यांगत्सेकाठच्या. त्या चिनी मगरी अ‍ॅलिगेटरच, अमेरिकेबाहेर उरलेले एकमेव भाऊबंद, आणि अंगाने अगदीच चिमुकल्या. एका दालनात गोमेक नावाचं न्यू गिनीतलं खाऱ्या पाण्यातलं धूड आहे, जवळजवळ अठरा फुटांचं. १९९७ मध्ये ते मेलं, त्यात पेंढा भरून ठेवलाय. जिवंतपणी त्याने माणसं खाल्ल्याच्या कथा त्याच्याबरोबरच न्यू गिनीहून आल्या होत्या. खऱ्या की खोट्या, त्याने तिकिटांचा खप वाढलाच असणार. मी त्याच्यापुढे फार वेळ थांबले नाही. मेलेल्याला बघायला एवढ्या लांब कशाला यायचं?

थांबले ती पुढच्या एका पाटीपाशी. 'मगर'. रोमन लिपीत, इंग्रजी धाटणीने, 'मगर क्रोकोडाइल'. आमचाच शब्द साहेबाने नेला आणि उच्चार बिघडवून 'मगर'चा 'मग्गर' केला. नात खुदखुदली. "आजी, मग्गर म्हणजे रस्त्यात पर्स हिसकावून पळतो ना, तो!" मी म्हटलं, पर्स हिची होते गं, ही कशाला कुणाची हिसकावेल. विनोद तिला कळला नाही, लेकीला कळला. पलीकडे घडियाल होती, लांब चिमट्यासारख्या तोंडाची. नराच्या नाकावर मडक्यासारखा उंचवटा येतो म्हणून घडियाल, घड्यावरून. गंगेच्या खोऱ्यातलं हे जनावर, फ्लोरिडाच्या उन्हात, पाण्यात मुकाट पडलेलं. त्याच्याशी हिंदीत बोलावं असं मला उगीचच वाटलं.

अकरा वाजता एक हसरी, उन्हाने रापलेली मुलगी मध्यम आकाराची मगर बगलेत मारून आली, बाजारातून भोपळा आणावा तशी. तिने सांगितलं की जबडा मिटायचे स्नायू प्रचंड ताकदीचे, हाडाचा चुरा करतील असे. उघडायचे मात्र अगदीच दुबळे. एकदा तोंड मिटलं की एका हाताने धरून ठेवता येतं. मला 'मगरमिठी' आठवली. हा शब्द ज्याने घडवला त्याला मगरीची ताकद कशात आहे हे पक्कं ठाऊक असणार. मिठी. सोडण्याची तिला सवयच नाही. आणि तीच मगर, मुलगी पुढे सांगत होती, अंड्यातून पिल्लांचं चिवचिवणं ऐकू आलं की घरटं उकरते आणि एकेका पिल्लाला त्याच दातांमध्ये धरून पाण्यात नेऊन सोडते.

मग एक गंमत झाली. आतल्या दलदलीकडून आवाज आला. आधी मला वाटलं, कुणीतरी ट्रक सुरू करतंय. विणीच्या दिवसांत नर असे घुमतात म्हणे. आम्ही धावत गेलो. एक मोठा नर डोकं आणि शेपटी पाण्याबाहेर उचलून होडीसारखा वाकला होता. आवाज येण्याच्या आधीच त्याच्या पाठीवरचं पाणी नाचायला लागलं. डफावर तांदूळ टाकून थाप मारली की दाणे उडतात, अगदी तसे थेंब उडत होते. आपल्या कानाला ऐकू न येणारा सूर तो आधी लावतो, आणि त्याने पाणी थरारतं. मग घोगरा, जमिनीतून आल्यासारखा घुमारा. एकाने सुरू केलं की दुसरा, तिसरा, आणि सगळ्या तळ्यावर घुमघुम. नात माझा हात घट्ट धरून होती. मीही तिचा.

आणि घुमणं थांबलं तेव्हा वरचा कलकलाट ऐकू आला.

खरं म्हणजे वास आधीच आला होता, मासळी सुकत घातल्यासारखा, उग्र. पण माझं लक्ष खाली होतं. दलदलीवरून लाकडी पूल जातो, दोन्ही बाजूंना ओकची झाडं, त्यांच्यावर शेवाळासारख्या राखाडी जटा लोंबताहेत. आणि झाडाझाडावर, हात लांबवला तर लागतील इतक्या जवळ, घरटी. शेकड्यांनी. मोठे पांढरे बगळे, त्यांची पिसं पंख्यासारखी फुलवलेली; हीच ती पिसं, टोपीवरची. डोळ्यांपाशी पोपटी रंग चढलेला. छोटे बगळे, निळसर बगळे, चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी चमचे. उघड्या डोक्याचे वुड स्टॉर्क, म्हणजे आपल्या चित्रबलाकाचे चुलतभाऊ. आणि गायबगळे! त्यांना बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. हे मूळचे अमेरिकेचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत आले, आणि तिथून सरकत सरकत विसाव्या शतकाच्या मध्याला फ्लोरिडात पोचले. कुणी आणले नाहीत, कुणी व्हिसा दिला नाही. जावई म्हणाले, "यांचं ग्रीन कार्ड पटकन झालं." जावयांचं अकरा वर्षं रांगेत आहे.

यातला एकही पक्षी फार्मचा नाही. पिंजरा नाही, जाळी नाही, पंख छाटलेले नाहीत. आजूबाजूला अख्खं बेट पडलंय, खाडी आहे, झाडं आहेत. पण विणीला ही सगळी मंडळी येतात ती मगरींच्या डोक्यावर.

कारण साधं आहे. बगळ्यांच्या घरट्यांचा खरा वैरी रकून. पोहतो, झाडावर चढतो, आणि एकदा वसाहत सापडली की रात्रीत अंडी-पिल्लं साफ करतो. पक्षी उरलेली घरटीही टाकून जातात. सापही चढतात. पण झाडाखाली पाण्यात मगरी पडलेल्या असतील तर रकून पोहून येईल कसा? बगळ्यांनी हे केव्हातरी ओळखलं. पहारा फुकट मिळतो. कुंपण नको, पगार नको.

अगदीच फुकट मात्र नाही. घरटी काटक्यांची, तकलादू. पिल्लं बेंगरूळ, पाय पोटापेक्षा लांब. मोठ्या बगळ्याच्या घरट्यात तर थोरलं पिल्लू धाकट्याला चोचीने बडवतं, उपाशी ठेवतं, प्रसंगी ढकलतं. म्हणजे रोज काही ना काही खाली पडतं. आणि खाली जे पडतं ते राखणदाराचं. आमच्याकडच्या बाजारात दुकानदारांकडून दादा लोक हप्ता घेतात ना, तसंच. फरक एवढाच, की हा दादा वर चढून मागायला येत नाही. एव्हरग्लेड्समध्ये काही संशोधकांनी मोजून पाहिलं, तर पक्ष्यांच्या वसाहतीखाली राहणाऱ्या मगरी इतर मगरींपेक्षा चांगल्या भरलेल्या निघाल्या. २०१३ मध्ये तर व्लादिमीर डिनेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं, की विणीच्या दिवसांत मगरी नाकावर काटक्या घेऊन निश्चल पडून राहतात, म्हणजे घरट्यासाठी काटकी शोधणारा बगळा आपणहून तोंडाशी येतो. असं पहिल्यांदा त्यांना दिसलं होतं ते चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत, आपल्याकडच्या मगरीच्या नाकावर. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. नातीला पटलं. तिने एक काटकीवाली मगर शोधून काढली आणि वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही. बगळा आला नाही. काटकी तरंगत निघून गेली. मगर जिथल्या तिथे.

मग ते झालं. अगदी समोर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, एका घरट्यात तीन पिल्लं होती. आई मासा घेऊन आली तशी तिघांनी एकदम उसळी मारली. तिसरं कडेला होतं. त्याचा एक पाय काटक्यांतून निसटला, पंख म्हणावेत असे दोन खुंट फडफडले, फांदीला क्षणभर अडकलं. सगळ्या पुलावर एकच आवाज उमटला. सगळ्या भाषांत तो एकच असतो. आणि पिल्लू पडलं. पाण्याचा आवाजही फार मोठा नव्हता. जी मगर अर्धा तास मेल्यासारखी पडली होती ती वळली, इतक्या चपळाईने की 'वळली' हे क्रियापदही मागे पडलं, आणि मिटली. बस्स.

लहानपणी आमच्या देवघरात गजेंद्रमोक्षाची तसबीर होती. हत्तीचा पाय मगरीच्या तोंडात, सोंडेत कमळ, आणि वरून गरुडावर बसून विष्णू धावत येतोय. ती बघत बघत मी मोठी झाले. पुलावर उभं राहून मी नकळत वर पाहिलं. वर त्या पिल्लाची आई होती. तिने उरलेल्या दोघांना मासा भरवला, चोच फांदीवर पुसली, आणि पुढच्या फेरीला उडून गेली.

"आजी, कुणी काहीच का नाही केलं?" नातीचे डोळे भरले होते. काय सांगणार? लेक म्हणाली, "बाळा, ती निसर्गाची पद्धत आहे." हे उत्तर पुस्तकात बरोबर आहे. मला ते अपुरं वाटलं, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं. शेजारचा मोठ्या भिंगाचा कॅमेरावाला गृहस्थ पडद्यावर फोटो मोठा करून बघत होता. त्याला हवा तो क्षण मिळाला होता. त्याचा मला राग आला, आणि लगेच लाज वाटली. पैसे मोजून मीही तेच बघायला आले होते ना? पडलं नसतं तर संध्याकाळी म्हणाले असते, काही विशेष दिसलं नाही.

गावाकडच्या झाडांची आठवण तिथेच, पुलावर आली. नोकरीच्या गावी एका सरकारी कचेरीच्या आवारात दोन मोठ्या चिंचा होत्या. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की गायबगळ्यांची जत्रा भरायची. खाली दाखले घ्यायला आलेल्या लोकांच्या रांगा, स्टँपवाले, चहाची टपरी, मोटरसायकली, वर शे-दीडशे घरटी. गावाबाहेर मळ्यात, ओढ्याकाठी झाडं काय कमी होती? तरी हे बगळे गर्दीवरच घरटी बांधायचे. मला ते त्यांचं अडाणीपण वाटायचं. आता पुलावर उभी राहून उलगडलं. माणसांच्या वर्दळीत रानमांजर येत नाही. त्या चिंचांखाली मगरी आम्हीच होतो. दाखल्याच्या रांगेत ताटकळत, घाम पुसत, टेबलामागच्या माणसाच्या नावाने बोटं मोडत आम्ही वरच्या पिल्लांची राखण करत होतो, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. हप्ता एवढाच की छत्री उघडी धरावी लागायची आणि कपड्यांवर पांढरे शिंतोडे उडायचे.

एका वर्षी तेवढाही कुणाला जड झाला. ऐन जुलैत कुऱ्हाडी घेऊन माणसं आली आणि फांद्या उतरवल्या. साहेबांच्या गाडीवर घाण पडत होती म्हणे. मी शाळेत शिकवून परत येत होते. रस्ताभर पिल्लं पडली होती, काही जिवंत, लांब पाय पसरून. आमच्या वर्गातल्या पोरांनी टोपल्यांतून दहा-बारा उचलून आणली, माझ्या पडवीत ठेवली. गांडुळं, मासळी, काय काय करून पाहिलं. चार दिवसांत सगळी गेली. खाली मगर असती तर ती तिने तेव्हाच खाल्ली असती. पण झाड तोडलं नसतं.

संध्याकाळी गावात समुद्राकाठी जेवलो. जावयांनी मगरीच्या मांसाचे तळलेले तुकडे मागवले. इथे ते सर्रास मिळतात. लेक म्हणाली, चिकनसारखं लागतं. मी मक्याचं कणीस खाल्लं.

रात्री विहीणबाईंचा फोन आला. त्या गोव्याच्या, फोंड्याजवळच्या बोरीच्या. मी म्हटलं, आज मगरींच्या फार्ममध्ये गेलो होतो. "फार्म म्हणजे? मगरींचं शेत?" आणि खळखळून हसल्या. "आमच्याकडे उलटं हो, शेताची मगर असते." मग त्यांनी सांगितलं. जुवारीच्या काठाला त्यांची खाजन शेती. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भात पिकवायचा. बांध फुटला की वर्ष गेलं. पौषातल्या अमावस्येला त्या शेतात चिखलाची मोठी मगर थापतात, माणगें थापणी म्हणतात तिला. अंगावर खवल्यांच्या जागी शिंपल्या खोचतात, काटक्यांचे दात करतात, हळद-कुंकू, फुलं वाहतात. "आणि तिच्या पोटात कोंबडीचं पिल्लू ठेवतात. नाहीतर अंडं." कशासाठी, मी विचारलं. "राखते म्हणून. बांध राखते, माणसांना काही करत नाही. तिला तिचं द्यायला नको?" मी पुलावरचं पिल्लू त्यांना सांगितलं. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तिथे बगळेच पूजा करतात." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला, आंब्याच्या पेट्यांवर गेल्या.

लेकीच्या घरामागे, फ्लोरिडातल्या बहुतेक वसाहतींमागे असतं तसं, एक तळं आहे. पावसाचं पाणी साठायला खणलेलं, भोवती हिरवळ, एक कारंजं. काठावर पाटी आहे, मगरींना खायला घालू नका. इथे तो कायद्याने गुन्हा आहे. खाऊ मिळाला की मगरीची माणसाबद्दलची भीती जाते, ती माणसाजवळ येते, मग कुणीतरी तक्रार करतं, आणि परवाना असलेला माणूस येऊन तिला घेऊन जातो. ती परत येत नाही. तिची भीती टिकवायची ती तिच्याच जिवासाठी, असा हा कायदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तळ्याकाठी बाकावर बसलो होतो. मी मान चोळत होते. नात काल पाहिलेल्या बगळ्यांची चित्रं काढत होती, सगळ्या घरट्यांत तीन-तीन पिल्लं. वारा आला आणि एक कागद उडून पाण्याच्या कडेला, गवतात जाऊन पडला. ती उठून धावली.

"थांब!" मी ओरडले. "पाण्याकडे जाऊ नकोस. सुसर आहे तिथे."

माझ्याच तोंडून आजीचा आवाज आला, जसाच्या तसा. नात थबकली. तळ्यात मधोमध काहीतरी लांबट, काळपट तरंगत होतं. लाकूड असेल. दोघी बघत राहिलो.

"आजी," ती हळूच म्हणाली, "ती हलली का?"

"बघू," मी म्हटलं, "बस इथे माझ्याजवळ."